ह्यूमसाहेबाची रद्दी

प्रस्तुत लेखकाने अंदमानातल्या पहिल्या दिवशी पाहिलेल्या पशुपक्ष्यांची नोंद त्याच्या वहीत अशी आहे : चितळ, मोर, साळुंकी, चिमणी, कावळा आणि एक कोंबडा. कोंबडा चहाच्या टपरीमागचा होता. चितळ आणि मोर रॉस बेटावर भेटले. तिथली चितळं इतकी माणसाळलेली, की एकाने लेखकाच्या हातातली पक्ष्यांची छापील यादी आधी हुंगली आणि मग तिचा कोपरा खाल्ला. त्या कोपऱ्यात अंदमानचा रातवा होता. तो पुढेही दिसला नाही.

यातली गंमत अशी, की चितळ मुळात इथलं नव्हेच. ते साहेबाने आणून सोडलं. मोर, साळुंकी, चिमणी हेही असेच बोटीने आलेले पाहुणे. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हा नाही, माकडसुद्धा नाही. मुळातला म्हणावा असा मोठा सस्तन प्राणी म्हणजे रानडुक्कर, आणि तेही दिसेल याची खात्री नाही. त्यामुळे चितळाला खाणारं कुणी नाही आणि ते मजेत वाढत राहिलं. थोडक्यात, लेखक पुण्याहून दोन विमानं बदलून, एका सेकंडहँड स्कूटरच्या किमतीची दुर्बीण गळ्यात घालून, पुण्याच्या आसपास फुकट दिसणारे प्राणी बघायला आला होता.

खरं तर त्याच्या खिशात वीस नावांची यादी होती. अंदमान-निकोबारच्या बेटांबाहेर न आढळणारे वीस पक्षी. पक्षीनिरीक्षकांच्या ज्या गटात लेखक आहे, तिथे गेली तीन वर्षं ‘तुमचं अंदमान झालं का?’ असा प्रश्न विचारला जातो. ‘मुलीचं लग्न झालं का?’ हे ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात. ज्यांचं झालं आहे ते पुढे काही बोलत नाहीत, नुसते मंद हसतात. ते हसू लेखकाला सहन होत नव्हतं. वन्यजीवनाविषयीची तळमळ वगैरे जे तो इतरांना सांगतो ते सगळं खरं आहे, पण तिकीट काढलं ते त्या हसण्यापायी.

दुर्बिणीची किंमत त्याने बायकोला सांगितली ती खऱ्या किमतीच्या निम्मी. त्या निम्म्या किमतीवरही ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मीही येणार.”

चेन्नईच्या विमानतळावर पिवळ्या टोप्या घातलेली पस्तीस मराठी माणसं भेटली. कुठल्याशा सहल कंपनीबरोबर निघालेली. लेखकाने त्यांच्याकडे पाठ केली आणि बायकोशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आपण सहलीला चाललेलो नसून ‘फील्ड’वर चाललो आहोत, हे त्यांना कळावं हा हेतू. “अहो, इंग्रजीत काय बोलताय?” बायको मोठ्याने म्हणाली. “त्यांच्याकडे बाकरवडी आहे.” पुढचे आठ दिवस ही पिवळ्या टोपीवाली मंडळी धक्क्याधक्क्यावर भेटत राहिली आणि लेखक दर वेळी त्यांची बाकरवडी खात राहिला.

सेल्युलर जेलबद्दल इथे लिहायचं कारण नाही. ते वाचकांना पाठ आहे. सूर्याबद्दल मात्र लिहिलं पाहिजे. अंदमान भारतीय प्रमाणवेळेवर चालतं, पण सूर्याला ते कुणी कळवलेलं नाही. हिवाळ्यात तो पहाटे साडेपाचच्या सुमारास वर येतो आणि संध्याकाळी पाचला बुडतो. दुपारी जेवून अंमळ पडावं, ही लेखकाची चाळीस वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी तो असाच अंमळ पडला. उठला तेव्हा खिडकीबाहेर अंधार होता आणि बायको म्हणत होती, “झाला तुमचा दिवस.”

तिसऱ्या दिवसापासून वाटाड्या होता. तरुण, करेन समाजातला. १९२५ साली ब्रह्मदेशातून काही करेन कुटुंबं इथे येऊन मध्य अंदमानात मायाबंदरजवळ वसली. आज त्यांची नातवंडं-पतवंडं या जंगलातली जाणती माणसं आहेत. करेन पुरुषांच्या नावाआधी ‘सॉ’ असं लावतात. लेखकाने लगेच विनोद केला, की ज्याच्या नावातच ‘पाहिलं’ आहे त्याला दुर्बीण कशाला? पोरगा नम्रपणे हसला. हा विनोद त्याने किती पर्यटकांकडून ऐकला असेल, हे त्या हसण्यात दिसत होतं. दुर्बीण मात्र त्याच्याकडे खरोखरच नव्हती.

चाथमच्या धक्क्यावरून गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने बांबू फ्लॅटला उतरायचं आणि तिथून माउंट हॅरिएटवर चढायचं. त्याचं नाव २०२१ साली माउंट मणिपूर झालं. १८९१च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर महाराजा कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या साथीदारांना इथे आणून ठेवलं होतं, म्हणून. जुन्या लालसर विसाच्या नोटेवर माडांमागे समुद्राचं जे दृश्य होतं, ते याच डोंगरावरून दिसणारं. ती नोट लेखकाने आयुष्यात हजारो वेळा हाताळली असेल, पण मागची बाजू पहिल्यांदा नीट पाहिली ती इथे. वाटाड्याने पाकिटातून काढून दाखवली तेव्हा.

वर्षावनाबद्दल लेखकाची जी कल्पना होती ती टीव्हीवरची होती. तिथे फांदीफांदीवर रंगीत काहीतरी बसलेलं असतं. खऱ्या जंगलात समोर फक्त खोडं असतात. पडौकची खोडं बुंध्याशी भिंतीसारखी पसरलेली, इतकी की दोन भिंतींच्या बेचक्यात माणूस पावसापासून आडोसा घेऊ शकेल. गर्जनची खोडं सरळसोट, पहिली फांदी दहाव्या मजल्यावर. जे काही घडतं ते वर, छतात. खाली हिरवा अंधार, कुजक्या पानांचा ओला वास आणि मान मागे टाकून उभा एक सेवानिवृत्त गृहस्थ. त्याला पक्ष्यांची पोटं दिसतात. पोटं सगळी सारखीच असतात.

वाटाड्या ऐकत होता. तो थांबायचा, मान किंचित कलती करायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, “श्यामा, सर.” मग, “कोतवाल.” मग, “सुतार, बड़ा वाला, काला.” लेखकाला ऐकू येत होता तो फक्त स्वतःचा श्वास. अर्ध्या तासाने तो काळा सुतार खरंच दिसला. लालभडक तुरा, खोडाला चिकटलेला. लेखकाचा ऊर भरून आला. ऊर भरून आलेल्या अवस्थेतच पायाला ओलसर काही लागलं म्हणून पाहिलं, तर मोज्यावर तीन जळवा होत्या आणि चौथी बुटाच्या भोकातून आत जायचा मार्ग बोटाने चाचपावा तशी चाचपत होती. जळू चावते तेव्हा दुखत नाही. ती सुटल्यावरसुद्धा रक्त थांबत नाही, कारण ते गोठू न देणारं द्रव्य तिच्या लाळेत असतं. ही माहिती लेखक वाटाड्याला सांगू लागला. वाटाड्याने तोवर जळवा नखाने काढून टाकल्या होत्या.

बायको खाली चहाच्या टपरीवर बसून होती. तिने सकाळीच सांगून टाकलं होतं, “मला एकच पक्षी बघायचाय, भारद्वाज. दिसला की गोड खायला मिळतं. बाकीचे तुम्ही बघा.” तिच्या माहेरी अंगणात भारद्वाज यायचा, आणि त्याचं दर्शन शुभ म्हणून तिची आजी त्याला हात जोडायची. इथला भारद्वाज निराळा, अंगाने सगळा तपकिरी, आणि लेखकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. लेखकाने तिला समजावलं, की या पक्ष्याचं महत्त्व त्याच्या मर्यादित प्रदेशात आहे, गोडाधोडात नाही. तिने चहा सांगितला.

डोंगराच्या पायथ्याशी पूर्वी होपटाउन नावाची वस्ती होती. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो या डोंगरावर सूर्यास्त बघायला चढला आणि उतरून बोटीकडे जाताना शेरअली आफ्रिदी या कैद्याने अंधारात त्याला भोसकलं. इथवर कोणताही गाइड सांगतो. प्रस्तुत लेखकाचं दुर्दैव असं, की त्याला याच्या पुढचं माहीत आहे. ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. बायकोने हे प्रकरण आजवर पाच वेळा ऐकलं आहे. वाचकांनी एकदा ऐकावं.

मेयोच्या काळात, १८७१ साली, सरकारचं नवं शेतकी खातं निघालं. त्याचा सचिव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. मेयो मारला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३मध्ये, हा ह्यूम याच बेटांवर पक्षी गोळा करायला आला. गोळा करायला म्हणजे बंदूक घेऊन. तेव्हा दुर्बिणीने पाहणं याला पाहणं म्हणत नसत. पूर्वेकडच्या नारकोंडम या एवढ्याशा ज्वालामुखीच्या बेटावर त्याला एक धनेश सापडला. तो धनेश जगात त्या बेटाखेरीज कुठेही नाही. बेट जेमतेम सात चौरस किलोमीटरचं. सामान्य प्रवाशाला तिथे जाता येत नाही. लेखकाच्या यादीतलं विसावं नाव निघण्याआधीच खोडलेलं होतं, आणि त्या खोडण्याला लेखक ह्यूमला जबाबदार धरतो. त्याने शोधलाच नसता तर यादी एकोणीसची झाली असती.

ह्यूमला भारतीय पक्षिशास्त्राचा पोप म्हणत. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक तो स्वतः चालवी. १८५७ साली तो इटाव्याला कलेक्टर होता. त्या धामधुमीत त्याचा पहिला पक्षिसंग्रह नष्ट झाला. मग सिमल्याला रॉथनी कॅसल नावाच्या बंगल्यात त्याने दुसरा संग्रह उभा केला, आणि शेजारी भारतातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची हस्तलिखितं. पंचवीस वर्षांची टिपणं. १८८०च्या दशकात एका हिवाळ्यात साहेब खाली मैदानात गेला होता. परत येऊन बघतो तर कागद नाहीत. नोकराने ते बाजारात रद्दी म्हणून विकले होते.

रद्दी! मणांनी!

पोपाने हाय खाल्ली. ग्रंथ लिहिला गेला नाही. १८८५मध्ये उरलेला संग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी, अंडी, घरटी मिळून ८२,००० नमुने. ते भरायला देवदाराच्या पेट्या जागेवर बनवाव्या लागल्या. हा माणूस शाकाहारीही झाला, पक्षी मारणं सोडलं आणि म्हातारपणी वनस्पतींच्या नादी लागून दक्षिण लंडनमध्ये त्याने वनस्पतिशास्त्राची संस्था काढली. आणि मधल्या वेळात, ज्या वर्षी पक्षी पेट्यांत गेले त्याच वर्षी, काँग्रेस स्थापन केली. शाळेतल्या पुस्तकात एवढंच असतं. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन डिसेंबर १८८५मध्ये पुण्यात व्हायचं ठरलं होतं. ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ आली आणि ते मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवलं. नाहीतर ह्यूमसाहेब पुण्याला आला असता. लेखकाच्या मते त्याने पर्वतीवर नक्की पक्षी पाहिले असते. पुण्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी हानी आहे, असं लेखक गेली कित्येक वर्षं म्हणतो आहे आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही तसं वाटत नाही.

फेरीबोटीत हे सगळं वाटाड्याला सांगून झाल्यावर बायकोने विचारलं, “किती मिळाले असतील हो रद्दीचे?”

लेखकाने दुखावल्यासारखं पाहिलं.

“आणि त्याने का विकली? पगार थकला होता का? त्याचं नाव काय होतं?”

पाच वेळा ऐकून सहाव्यांदा तिने हा प्रश्न काढला. लेखकाकडे उत्तर नव्हतं. ८२,००० नमुन्यांचा आकडा त्याला पाठ होता.

बाराटांगला जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे गाड्यांची रांग लागते, पोलीस मोजून सोडतात. मधे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, काच खाली करायची नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता या पट्ट्यात बंद करायला सांगितलं होतं. तो चालूच आहे. २०१२मध्ये खाऊच्या बदल्यात जारवा बायकांना पर्यटकांसाठी नाचायला लावल्याचं चित्रीकरण जगभर गेलं, तेव्हा थोडे दिवस सगळ्यांना लाज वाटली. जारवा मोजके काही शे उरले आहेत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ते बाहेरच्यांना सहसा जवळ येऊ देत नव्हते. त्यात त्यांचं काय चुकत होतं, हे त्या रांगेत उभं राहिलं की कळतं.

रांगेत पिवळ्या टोप्याही होत्या. “दिसतील ना हो नक्की?” एक काकू ड्रायव्हरला विचारत होत्या. ताडोब्याच्या गेटवर वाघाबद्दल विचारतात तसं, अगदी त्याच आशेने. लेखकाला संताप आला. त्याने बायकोला हळू आवाजात दोन-तीन जळजळीत वाक्यं ऐकवली, माणसाला माणूस न समजण्याबद्दल. तेवढ्यात ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, “सर, वो दूरबीन बैग में डाल दीजिए.”

“मैं बर्डवॉचर हूँ,” लेखक म्हणाला.

“जी सर. बैग में डाल दीजिए.”

डाली. तासाभराने एका वळणावर पुढची गाडी किंचित मंदावली. रस्त्याकडेच्या झाडाखाली दोघं उभी होती. एकाच्या कमरेला लाल काहीतरी. क्षणभरच. गाडी पुढे गेली आणि लेखकाच्या डोक्यात, चाळीस वर्षं ज्या सवयीने तो नोंदी घेत आला त्याच सवयीने, नोंद उमटली : दोन. एक प्रौढ, एक पिल्लू.

पिल्लू.

शब्द उमटून गेला होता. हात मांडीवरच्या बॅगेच्या चेनवर होता. तो तिथे केव्हा गेला ते त्याला कळलं नव्हतं. बायको खाली, स्वतःच्या ओढणीकडे बघत बसली होती. नाक्यापासून तशीच बसली होती, हे आता लक्षात आलं. पुढे खाडीच्या धक्क्यावर उतरल्यावर तिने विचारलं, “तुम्ही बघितलंत का हो?”

“नाही,” लेखक म्हणाला.

काकूंनी बाकरवडी पुढे केली. त्याने घेतली नाही. काकूंनाही तो काही बोलला नाही. बोलण्यासारखं त्याच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

ती रात्र बाराटांगलाच काढली. संध्याकाळी होडीवाल्याने खाजणातल्या एका चिमुकल्या बेटासमोर नेऊन इंजिन बंद केलं. बेट खारफुटीचं, वरून कातरल्यासारखं सपाट. आभाळाच्या चारी कोपऱ्यांतून पोपट येऊ लागले. आधी पाच-सहा, मग थव्यामागून थवे, मग मोजण्याच्या पलीकडे. बेटावर घिरट्या घालून ते एकदम पाण्यात खडी पडावी तसे झाडीत पडत आणि गप्प होत. लेखकाने वही काढली नाही. होडीवाला विडी ओढत होता. कुणी काही बोललं नाही.

शेवटची संध्याकाळ चिडिया टापूची. बेटाच्या दक्षिण टोकाशी लोक सूर्यास्त बघायला येतात आणि सव्वापाचला, सूर्य बुडाल्याबरोबर, नाटक सुटल्यासारखे परत फिरतात. त्यानंतर जंगल घुबडांचं. यादीत इथली तीन घुबडं होती, आणि त्यांतलं एक ह्यूमचं. ह्यूमने १८७२मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणून आजही त्याच्या नावावर. नारकोंडमचा धनेश नाही तर नाही, ह्यूमचं घुबड तरी मिळावं, म्हणजे पुण्यात मंद हसता येईल.

वाटाड्याने ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बोलावायला नकार दिला. तो नुसता उभा राहिला. डास आले, वाळूमाशा आल्या. पाऊण तास गेला. लेखक कंटाळून गाडीत एसी लावून बसला. तेवढ्यात काचेवर बोटाची टिचकी. “सर. आ गया.”

लेखक धडपडत उतरला. रस्त्याच्या वळणावर फांदीवर वाटाड्याने टॉर्चचा झोत शेजारच्या पानांवर टाकला होता, डोळ्यांवर नव्हे. लेखकाने दुर्बीण डोळ्यांना लावली. पांढरं. सगळं पांढरं. गार गाडीतून दमट हवेत आलेल्या त्या उंची भिंगांवर आतून-बाहेरून वाफ धरली होती. लेखकाने ती शर्टाने पुसली. पुन्हा धरली. रुमालाने पुसली. मग चष्मा काढून पाहिलं, तर चष्म्यावरही धुकं. चष्म्याशिवाय त्याला घुबड काय, वाटाड्याही दिसत नाही.

“अगंबाई,” बायको शेजारून कुजबुजली. “काय बघतंय! सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं.”

“रंग? रंग सांग!”

“काळपट चॉकलेटी. सगळं एकसारखं. डोळे पिवळे. आता मान फिरवली. आता परत आपल्याकडे. अहो, बघा ना, किती शांत बसलंय!”

ते चार मिनिटं बसलं, असं नंतर कळलं. भिंगं निवळली तेव्हा एक काळी आकृती फांदी सोडत होती आणि फांदी हलत होती. फांदी लेखकाने अतिशय स्वच्छ पाहिली.

“वही था न?”

“जी सर. ह्यूम्स.”

रात्री खोलीवर तो हिशेब मांडत बसला. पंधरा नक्की. सोळाव्यावर, घुबडावर, पेन थांबलं. उडताना पाहिलं हे पाहिलंच की. गटात कुणी शपथ घालणार नव्हतं. त्याने १६ लिहिलं. मग पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग, कदाचित त्या दिवशी धक्क्यावर दिलेलं उत्तर आठवल्यामुळे असेल, आकडाच खोडला.

भारद्वाज नाही. आठ दिवस, तीन जंगलं, आणि पहिल्या क्रमांकाचा भारद्वाज नाही.

“माझा हिशेब मागच्या पानावर आहे, तो फाडू नका,” बायको बाथरूममधून म्हणाली.

त्याने वही उलटी केली. मागून सुरुवात करून तिने तिच्या बारीक अक्षरात सगळं लिहिलं होतं. फेरीचं तिकीट. शहाळी. जळवांसाठी मीठ. वाटाड्याला वर ५००, आणि पुढे, ‘दुर्बीण घेणार आहे म्हणतो, ह्यांची देता येईल का बघणे.’ त्याच्या खाली तिसऱ्या दिवसाच्या तारखेला, चहा २, बिस्किटपुडा १, यांच्या मधोमध एक ओळ होती, जिच्यापुढे रक्कम नव्हती :

‘भारद्वाज. टपरीमागच्या कुंपणावर, सगळा तपकिरी. कोंबड्याशी भांडत होता. नमस्कार केला. ह्यांना सांगितलं नाही, जळवा काढत होते. रात्री जेवणात खीर होती.’